नऊ जणांची एकच चूक

१

उत्तरपत्रिका नऊ होत्या आणि नऊही जणांनी एकच चूक केली होती.

चुडामण गुरुजींनी त्या प्राचार्यांच्या टेबलावर ओळीने मांडल्या. प्रश्न चौदावा. खळ्यावरची ज्वारीची रास मापून पोत्यांत भरली. पहिल्या पोत्यात १२ मापे, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात १८, असे वाढवत चोवीस पोती भरली. तर रास किती मापांची होती? नऊही जणांनी गणित शेवटपर्यंत बरोबर सोडवले होते. १११६ आले होते. आणि मग प्रत्येकाने त्यापुढे अधिक एक केले होते. उत्तर १११७.

"एकानं केलं असतं तर धांदल म्हटलं असतं," गणिताचे नवनीत सर म्हणाले. "दोघांनी केलं असतं तर शेजारी बसले म्हटलं असतं. हे नऊ जण तीन वेगळ्या खोल्यांत होते, गुरुजी. आणि आता हे बघा."

त्यांनी खाकी पाकीट पुढे सरकवले. "प्रश्नपत्रिकांचं पाकीट. वरची लाख शाबूत होती, म्हणून शनिवारी सकाळी मी बिनधास्त फोडलं. संध्याकाळी तपासताना उत्तरं जुळायला लागली, तेव्हा उलटं करून पाहिलं."

पाकिटाचा तळ पात्याने सरळ कापून पुन्हा चिकटवला होता.

तळोद्याच्या बाहेर, डोंगराकडे तोंड करून असलेले हे निवासी कनिष्ठ महाविद्यालय. अकरावीच्या साठ मुलांतून तीस जणांची विशेष तुकडी निघायची. तिला दोन वर्षांत अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेपर्यंतचे गणित. उरलेल्यांना बोर्डापुरते. यंदा पहिल्यांदाच प्राचार्य सुनिता वसावे यांनी अभ्यासक्रमाच्या आधी एक महिना जोडवर्ग लावला होता. वरच्या पाड्यांतून येणाऱ्या मुलांना अपूर्णांकांपासून पुन्हा हात धरून आणायचे, मग पुढे सोडायचे. त्या वर्गातली नऊ मुले शनिवारच्या निवडचाचणीत पहिल्या तिसांत आली. रंजिता पावरा तर साठांत पहिली.

"महिनाभर मी घसा कोरडा केला की जोडवर्गात वेळ जातो, पुढं कलनाला दिवस पुरत नाहीत," नवनीत सर म्हणाले. "आता तर सगळंच उघडं पडलं. नऊ नावं कापा, जोडवर्ग बंद करा."

सुनिता मॅडम गुरुजींकडे वळल्या. पंचवीस वर्षांपूर्वी त्या गुरुजींच्याच गणिताच्या वर्गात पहिल्या बाकावर बसत; आता गुरुजी निवृत्त होते. "यादी उद्या दहाला लागायची आहे, गुरुजी. यांची नावं चोर म्हणून कापली, तर ही मुलं खालच्या तुकडीतसुद्धा थांबणार नाहीत. वर निघून जातील. मी तिथलीच आहे, मला माहीत आहे. तुम्हीच सांगायचा ना, बरोबर उत्तर फार काही बोलत नाही, चुकलेलं बोलतं?"

 आठ महिने गुरुजी प्रकाशा गावातल्या आपल्या घरातून फारसे बाहेर पडले नव्हते. बायको गेल्यापासून कुणी बोलावलेले त्यांना बरे वाटत नव्हते. आजही सुनिताचा फोन म्हणून सकाळची एसटी धरली होती.

ते उत्तरपत्रिकांवर वाकले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाकले. त्या शेवटच्या एकाभोवती बारीकसा गोल होता. नऊही जणांनी काढलेला.

हा गोल त्यांनी कुठेतरी पाहिला होता. कुठे, ते आठवेना.

२

"छापील प्रश्नपत्रिका कुठाय?" गुरुजींनी विचारले.

ती वाचून त्यांनी हाताशी असलेल्या कागदावर हिशेब मांडला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "नवनीत सर, इथं तर पोती वीस लिहिली आहेत. वीस पोत्यांची ८१० मापं होतात. १११६ कुठून आले?"

"ती छपाईची चूक. मी लिहून दिलं होतं चोवीस. टाइप करणाऱ्यानं वीस केलं. पत्रिका वाटल्यावर माझ्या लक्षात आलं, मग तिन्ही खोल्यांत जाऊन फळ्यावर दुरुस्ती लिहिली."

"म्हणजे वाटल्यावर. बरं." गुरुजींनी एवढेच म्हटले, आणि साठच्या साठ उत्तरपत्रिका मागवून घेतल्या.

त्या येईपर्यंत ते मुख्य लिपिक हेमराजभाऊंच्या खोलीत गेले. हेमराजभाऊ आवारातल्याच क्वार्टरमध्ये राहत. त्यांची मुलगी स्वप्नाली याच वर्गात होती आणि चाचणीत दुसरी आली होती.

"या गुरुजी, बठा." हेमराजभाऊंनी स्वतः खुर्ची पुसली. "पाकीट ह्याच कपाटमा व्हतं. किल्ली मन्हाकडे. पन आते खरं सांगू? शुक्रवारी जेवाले गऊ तव्हय कपाट उघडं राही गयं. आनि जेवीसन उनू तर ती रंजिता आठेच, कपाटजवळ उभी. एकली!"

"कशाला आली होती?"

"बोनाफाईड पाहिजे म्हने. वरली पोरं हुशार नहीत असं मी म्हनत नही, गुरुजी. पन एक नही, दोन नही, नऊ!"

गुरुजींचे लक्ष टेबलावरच्या डिंकाच्या बाटलीकडे गेले. त्यांनी ती उलटी केली. डिंक तळाशी दगडासारखा बसला होता.

"कधीचा वाळलाय हा?"

"महिना व्हयना. मांगी मांगी थकनू, नवी भेटत नही."

गुरुजी प्राचार्यांच्या खोलीत परत आले. टेबलावर ते पाकीट पडले होते आणि त्याच्या तळावर मुंग्यांची रांग लागली होती. चिकटवलेल्या कडेवरच. बाकी कुठे नाही. गुरुजींनी बोटाने कड खरवडली, वास घेतला. डिंक नव्हता. गव्हाच्या पिठाची खळ होती.

मग ते उत्तरपत्रिका चाळत बसले. दीड तास लागला. शेवटी त्यांनी गठ्ठ्यातून एक उत्तरपत्रिका काढली आणि घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"ही कुणाची?" सुनिता मॅडमनी विचारले.

"ही दहावी. हिची चूक त्या नवांपेक्षा मोठी आहे. नाव आत्ता विचारू नकोस."

३

खळ पिठाची, म्हणजे स्वयंपाकघर. फुलवंताबाई तिथल्या मुख्य. परातीत कणीक तिंबत होत्या.

"माले काय इचारतस, गुरुजी? मी सव्वाशे पोरंसन्या भाकरी थापू, का चोर धरू?"

"चोर नको. खळ कुणी मागितली होती का, गेल्या आठवड्यात?"

"हां, ती मांगी व्हती ना. शुक्रवारी दुपारले. हेमराजभाऊनी पोर स्वप्नाली उनी, म्हने मावशी, बापनी वाटीभर खळ मांगी शे. ऑफिसमा डिंक वाळी गया. मंग दिन्ही मी." त्यांनी हात थांबवले. "का हो? खळ देनं बी गुन्हा शे का आते?"

"नाही बाई. तुम्ही चांगलं काम केलंत."

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला टॉवेल, खांद्यावर उडदाचे पोते. रंजिताचे वडील, रूपसिंग पावरा. मुलीवर आळ आल्याचे कळल्यावर पहाटे तोरणमाळहून जीपने निघाले होते. होस्टेलला यायचे तर रिकाम्या हाताने कसे, म्हणून घरचा उडीद आणला होता.

"गुरुजी तुम्हीच का? मॅडमनी सांगितलं," ते सावकाश, शाळेत शिकल्यासारखे मराठी बोलत होते. "पोरीनं चोरी केली असेल तर आज नेतो. नसेल केली तर तुम्ही सगळ्यांसमोर सांगा. गुपचूप सोडून देऊ नका. गुपचूप सोडलेल्याला लोक चोरच म्हणतात."

"संध्याकाळच्या जीपनं जाऊ नका. उद्या दहापर्यंत थांबा."

रूपसिंगांनी मान हलवली आणि उडीद मापायला बसले. फुलवंताबाईंनी लाकडी माप दिले. पहिले माप त्यांनी शिगोशीग भरले, कपाळाला लावले आणि तोंडाने काही न बोलता टोपलीत ओतले. मग दुसरे भरून म्हणाले, "एक." पुढे दोन, तीन, चार. पोते रिकामे झाले.

"सहा मापं," रूपसिंग म्हणाले.

"सात शेतस," फुलवंताबाई गुरुजींच्या कानाशी हसल्या. "ह्या वरल्या पाड्यासना लोकेसनं असंच. पहिलं माप देवीनं. ते मोजत नहीत."

गुरुजी ताडकन उभे राहिले. बसायचा पाट मागे उलटा पडला.

"रंजिता कुठंय?" त्यांनी विचारले.

४

रंजिता वर्गात एकटी बसली होती. पुढे वही उघडी, पण पेन झाकलेले. सडपातळ मुलगी, रडून झालेले डोळे, हनुवटी मात्र वर.

"मी ऑफिसात गेले होते," गुरुजींनी काही विचारण्याआधीच ती म्हणाली. "बोनाफाईडला. कपाटाला हात लावला नाही. हे मी चार वेळा सांगितलंय."

"मी कपाटाचं विचारत नाही. चौदाव्या गणिताचं विचारतो. १११६ आलं होतं. बरोबर होतं. मग एक कशाला मिळवलास?"

ती त्यांच्याकडे असे बघत राहिली, जणू त्यांना बेरीजही येत नाही. "पोत्यांत १११६ गेली. रास किती होती ते विचारलंय. देवीचं माप कुठं जाईल मग?"

"आणि त्याला गोल?"

"ते वेगळं असतं म्हणून. बाईंनीच शिकवलं. चौथीत. आम्ही आधी ते माप सोडूनच द्यायचो, मग ताळा जुळायचा नाही. बाई म्हणाल्या, वेगळं लिहा, पण सोडू नका. गोल करा."

"ह्या नवांपैकी त्या बाईंकडे आणखी कोण होतं?"

"सगळेच. वरच्या आश्रमशाळेत एकच तर वर्ग होता आमचा. शोभाबाईंचा."

खिडकीबाहेर कुणीतरी बादलीत पाणी सोडत होते. बादली भरून वाहू लागली तरी नळ बंद झाला नाही.

"सर, तुम्ही ओळखता का त्यांना?" रंजिताने विचारले. "त्या बदलून खाली गेल्या. आमच्या वह्या घेऊन गेल्या होत्या, म्हणाल्या जपून ठेवते. पहिला नंबर आला तेव्हा मला त्यांना कळवायचं होतं. कुठं असतात आता?"

गुरुजींनी चष्मा काढला.

"त्या माझ्या पत्नी होत्या," ते म्हणाले. "मार्गशीर्षात वारल्या."

रंजिता उठून उभी राहिली.  ती नुसती उभी राहिली, बाई वर्गात आल्यावर उभे राहतात तशी.

५

शोभाबाई अठरा वर्षे पठारावरच्या आश्रमशाळेत होत्या. सोमवारी पहाटे जायच्या, शनिवारी संध्याकाळी यायच्या. येताना पिशवीत तपासायच्या वह्या. गुरुजी खाली हायस्कूलला गणित शिकवायचे, त्यामुळे रविवारी जेवणानंतर दोघांचे भांडण ठरलेले.

"गणितात देवीचं माप नसतं," गुरुजी म्हणायचे.

"राशीत असतं," त्या म्हणायच्या, आणि पुढची वही ओढायच्या.

त्यांच्या मागे राहिली ती एक हिरवी लोखंडी पेटी. ती आठ महिने तशीच कॉटखाली होती. गुरुजी केर काढताना झाडू तिच्या भोवतीने फिरवायचे.

सोमवारी उजाडल्यावर त्यांनी ती ओढून बाहेर काढली. कुलूप नव्हतेच. इतके दिवस त्यांना वाटत होते की असेल.

वर एक स्वेटर होता. तो त्यांनी बाजूला ठेवला, मग परत हातात घेतला, मग पुन्हा ठेवला. त्याखाली खडूंचा डबा आणि सुतळीने बांधलेल्या वह्या. इयत्ता चौथी. रंजिता रूपसिंग पावरा. पान उलटले तर उडदाची रास, भाताची रास, मोहाची रास, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी गोलातला एक. बाकीच्या आठांच्याही वह्या होत्या.

सर्वांत खाली शोभाबाईंची स्वतःची आखणीची वही. कुठल्या महिन्यात काय शिकवायचे, आधी काय, नंतर काय. श्रावणाच्या पानावर लिहिले होते, 'रास मापणे. पहिले माप वेगळे लिहायला लावायचे, सोडू द्यायचे नाही. मुलांच्या घरचा हिशेब आणि शाळेचा हिशेब जुळला पाहिजे, नाहीतर मुले दोन्हींतला एक खोटा मानतात.'

त्याखाली एक ओळ होती. 'यांना हे पटत नाही.'

गुरुजी ती ओळ बराच वेळ वाचत बसले. आठची एसटी चुकता चुकता मिळाली.

६

दहाला प्राचार्यांच्या खोलीत सगळे होते. सुनिता मॅडम, नवनीत सर, हेमराजभाऊ, दाराशी रूपसिंग आणि रंजिता. गुरुजींनी स्वप्नालीलाही बोलावून घेतले.

"आधी साधी गोष्ट," ते म्हणाले. "पाकीट परीक्षेआधी कापलं. आत जी प्रश्नपत्रिका होती तिच्यात पोती किती?"

"वीस," नवनीत सर म्हणाले.

"चोवीस हा आकडा परीक्षेआधी कुठं होता?"

नवनीत सर थांबले. "माझ्या कच्च्या कागदावर. तो माझ्या घरी होता."

"मग पाकीट फोडून पाठ करणाऱ्याला उत्तर मिळालं असतं ८१०. हे नऊ जण चोवीसवर गणित करून १११६ वर आले, पायरीपायरीनं. पाकिटातून हे येऊच शकत नाही. ते फळ्यावर वाचून, जागेवर बसून सोडवलंय."

"पण तो एक?"

गुरुजींनी सुतळी सोडली आणि नऊ वह्या टेबलावर पसरल्या. "हा त्यांना सात वर्षांपूर्वी शिकवलाय. एकाच शाळेत, एकाच बाईनं. त्यांच्या पाड्यांवर पहिलं माप देवीचं असतं, ते मोजत नाहीत. पण राशीत ते असतं."

नवनीत सरांनी एकेक वही उघडून पाहिली. दुसरा माणूस बरोबर निघाला की रागावणाऱ्यांपैकी ते नव्हते. "पोत्यांत किती, असं मी विचारायला हवं होतं," ते अखेर म्हणाले. "मी विचारलं, रास किती. यांना गुण द्यावे लागतील."

"मंग पाकीट कोनी कापं?" हेमराजभाऊंचा आवाज चढला. "ते तर कापेल शेच ना!"

गुरुजींनी सदऱ्याच्या खिशातली घडी काढून उलगडली. "या दहाव्या उत्तरपत्रिकेत पोती चोवीस लिहिली आहेत, फळ्यावरून. सूत्रातही चोवीस घातलेत. आणि पुढच्याच ओळीला उत्तर आहे ८१०. चोवीस पोत्यांतून ८१० कधीच निघत नाहीत. हे उत्तर आधीपासून पाठ होतं. आणि पाकीट चिकटवलंय पिठाच्या खळीनं. ती शुक्रवारी दुपारी स्वयंपाकघरातून कुणासाठी गेली, ते फुलवंताबाईंना विचारा. का तुम्हीच सांगता, हेमराजभाऊ?"

 उत्तर स्वप्नालीने दिले.

"पप्पांनी मामाकडून सोडवून आणलं होतं. मी सगळी उत्तरं पाठ केली. फळ्यावर चोवीस आलं तेव्हा मला कळलं की हे वेगळं येणार. पण मला काढता येईना, सर. मला जे येत होतं तेच लिहिलं." तिने वडिलांकडे पाहिले. "आणि काल तुम्ही रंजिताचं नाव घेतलं. माझ्यासमोर."

हेमराजभाऊ खुर्चीत खचून बसले. "पोर मांगे पडी जाई, म्हनीसन केलं," ते म्हणाले. "बठ्ठा पोरं पुढे जाई ऱ्हायनात. मन्ही एकटी..."

"तुमचं काय ते संस्था बघेल," सुनिता मॅडम म्हणाल्या. आवाज कडक होता. "स्वप्नालीचा निकाल रद्द. तुझं म्हणणं काय आहे, बेटा?"

स्वप्नालीने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले. "मला जोडवर्गात बसता येईल? तो फक्त वरच्या मुलांचा म्हणून मी विचारलं नव्हतं. मला अपूर्णांकच नीट येत नाहीत. सहावीपासून."

कुणी हसले नाही. नवनीत सर खाली बघत म्हणाले, "असे या साठांत आणखी वीस निघतील. मलाच विचारायचं सुचलं नाही."

दाराशी रूपसिंगांनी घसा साफ केला. "गुरुजी, सगळ्यांसमोर सांगा म्हटलं होतं."

सुनिता मॅडम उठल्या. यादी हातात घेऊन त्या बाहेर फलकापाशी गेल्या आणि जमलेल्या मुलांसमोर पहिले नाव मोठ्याने वाचले. रंजिता रूपसिंग पावरा. मग उरलेली आठ. नऊ नावे संपेपर्यंत रूपसिंग टॉवेल हातात घेऊन उभे होते. मग तो त्यांनी डोक्याला बांधला.

"आता जीप मिळेल," ते म्हणाले. रंजिताला म्हणाले, "तू थांब."

७

जोडवर्ग बंद झाला नाही. रोज सकाळी एक तास, वर्षभर, आणि ज्याला हवा त्याला, असा तो अभ्यासक्रमात बसवला. आखणी नवनीत सरांनी केली, पण समोर शोभाबाईंची वही उघडी ठेवून. शिकवायला माणूस नव्हता. सुनिता मॅडमनी गुरुजींकडे पाहिले, आणि गुरुजींनी एसटीचे वेळापत्रक विचारले.

पहिल्या दिवशी वर्ग भरला होता. स्वप्नाली पुढच्या बाकावर होती. विशेष तुकडीचा तास अजून लागायचा होता म्हणून रंजिताही मागे येऊन बसली होती.

गुरुजींनी रंजितासकट मुले मोजली आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले, हजर ३१.  मग त्यांनी पुढे अधिकचे चिन्ह काढले, एक लिहिला, आणि त्याभोवती बारीकसा गोल काढला.

"गुरुजी, एक जास्त झाला," स्वप्नाली म्हणाली. "आम्ही एकतीसच आहोत."

मागच्या बाकावर रंजिता उठून उभी राहिली होती, बाई वर्गात आल्यासारखी.

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. "तो वेगळा लिहायचा. सोडायचा नाही. काढा वह्या."